रक्तकेंद्राची खरेदी नीट कशी तपासायची: मागणीपत्रापासून महिनाअखेरच्या ताळ्यापर्यंत

मे महिन्यात जिल्ह्याच्या रक्तकेंद्रात ‘आज रक्त घेणं बंद आहे’ असं उत्तर मिळालं, की गावाकडचा माणूस समजतो, दातेच मिळाले नसतील. बरेचदा दाते बाहेरच्या बाकावर बसलेले असतात. संपलेली असते ती रिकामी पिशवी, हिपॅटायटिस बीचं किट, नाहीतर रक्तगट तपासायच्या अँटी-डी सिरमची शेवटची कुपी. उलटही घडतं: पिशव्यांचे खोके छतापर्यंत रचलेले असतात आणि सगळ्यांची मुदत एकाच महिन्यात संपत असते. दोन्हींचं मूळ खरेदीच्या फाइलमध्ये सापडतं, आणि ती फाइल वाचायला डॉक्टर असावं लागत नाही.

हा लेख विदर्भातल्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांची रक्तकेंद्रं सांभाळणाऱ्या रक्तसंक्रमण अधिकाऱ्यांसाठी, भांडार बघणाऱ्या औषध निर्माण अधिकाऱ्यांसाठी, रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांसाठी आणि शिबिरं भरवणाऱ्या मंडळांसाठी आहे. कायद्याने नाव ‘रक्तपेढी’चं ‘रक्तकेंद्र’ झालं ते २०२० मध्ये. लोक अजून ब्लड बँकच म्हणतात.

आधी दोर कोणाच्या हातात आहे ते पाहा

सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ ला दिलेल्या निकालानंतर देशात राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा उभ्या राहिल्या आणि पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते बंद झाले. राष्ट्रीय रक्त धोरण २००२ चं. धोरण, दर आणि शिबिरांचे नियम परिषदांकडून येतात. परवाना ही वेगळी गोष्ट आहे. कायद्याच्या लेखी रक्त हे औषध आहे, म्हणून परवाना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली मिळतो आणि तपासणी राज्याचं अन्न व औषध प्रशासन व केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना मिळून करतात. खरेदीचा रस्ता तिसरा. राज्याच्या आरोग्य खात्याची मोठी खरेदी पूर्वी हाफकिन या राज्याच्या महामंडळामार्फत होई. २०२३ च्या कायद्याने त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. त्याशिवाय जिल्हा नियोजन समितीचा निधी, रुग्ण कल्याण समितीचा निधी आणि अडीअडचणीची स्थानिक खरेदी.

या तीन रस्त्यांची गल्लत झाली की जबाबदारी हवेत राहते. ‘वरूनच किट आलं नाही’ हे उत्तर खरं असू शकतं, पण त्यासोबत मागणी कधी पाठवली, स्मरणपत्र कधी दिलं आणि ‘उपलब्ध नाही’ असा लेखी दाखला कधी मिळाला, या तीन तारखा असल्या पाहिजेत. तारखा नसतील तर चूक वरची की खालची हे कुणालाच ठरवता येत नाही.

रुग्णालयाच्या आत एकच नियम पक्का ठेवा: मागणी करणारा, तांत्रिक निकष लिहिणारा, दर ठरवणारा, माल उतरवून घेणारा आणि बिल मंजूर करणारा, ही सगळी कामं एका सहीखाली येता कामा नयेत. छोट्या केंद्रात माणसं कमी असतात, पाच कामांना पाच जण मिळत नाहीत. तरी निदान माल उतरवून घेणारा आणि बिल मंजूर करणारा वेगळा ठेवाच. तेवढंही जमत नसेल तर उपजिल्हा रुग्णालयातला एक तंत्रज्ञ महिन्यातून एक दिवस बोलावून साठा मोजून घ्या.

मागणीचा हिशेब: सगळ्यात जास्त चुका इथे

महिन्याला ४०० युनिट गोळा करणारं एक केंद्र धरू. भांडारातून साधारण हिशेब असा निघतो: ४०० दाते, ४०० पिशव्या, ९६ वेलचं (नमुना घालायच्या खळग्यांचं) एलायझा हे रक्तातला संसर्ग शोधणारं किट, म्हणजे ४०० भागिले ९६, पाच किटं पुरे. हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो आणि महिन्याच्या विसाव्या-एकविसाव्या दिवशी केंद्र अडचणीत येतं.

कारण असं. रोज १६ नमुने येतात. प्रत्येक वेळी चाचणी लावताना किटसोबतचे निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेले नमुने, लावावे लागतात. किटच्या प्रकाराप्रमाणे त्यात पाच-सहा वेल जातात. १६ आणि ६ मिळून २२. पण प्लेट आठ-आठ वेलच्या पट्ट्यांची असते, म्हणून एका वेळेला तीन पट्ट्या फोडाव्या लागतात. एका किटमध्ये १२ पट्ट्या, म्हणजे किट चार वेळाच पुरतं. महिन्यात २५ वेळा चाचणी लावली तर ७५ पट्ट्या, सव्वासहा किटं, म्हणजे मागणी सातची हवी. शंकास्पद आलेल्या नमुन्यांची फेरचाचणी उरलेल्या एक-दोन वेलमध्ये बसते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी, तिन्हींना हाच हिशेब स्वतंत्र लावायचा.

चाचणी एक दिवसाआड लावली तर ३२ नमुने आणि ६ कंट्रोल, ३८ वेल, पाच पट्ट्या. महिन्याला तेरा वेळा ६५ पट्ट्या, साडेपाचच्या आत किटं. बचत दिसते, पण प्लेटलेट्सचं आयुष्यच पाच दिवसांचं आहे. त्यातले दोन दिवस निकालाची वाट पाहण्यात गेले तर वाचवलेल्या किटपेक्षा फेकलेल्या प्लेटलेट्सचं नुकसान मोठं. हा निर्णय रक्तसंक्रमण अधिकाऱ्याने लेखी घ्यावा आणि मागणीपत्राला जोडावा. म्हणजे पुढे कोणी ‘किट जास्त का लागलं’ विचारलं तर उत्तर तयार असतं.

पिशव्यांचा हिशेब वेगळ्या कारणाने चुकतो. ३५० मिलीची पिशवी ४५ किलोच्या वरच्या दात्याला चालते, ४५० मिलीच्या पिशवीला दात्याचं वजन ५५ किलोच्या वर लागतं. ३५० च्या पिशवीत सीपीडीए-१ हे गोठणरोधक ४९ मिली असतं, ४५० च्या पिशवीत ६३ मिली. मुंबई-पुण्याच्या हिशेबाने सगळी खरेदी ४५० च्या तिहेरी पिशव्यांची झाली की अडचण धारणी, कोरची किंवा एटापल्लीच्या शिबिरात उभी राहते. समोर बसलेला तरुण ४९ किलोचा असतो. मग एकतर त्याला परत पाठवतात, नाहीतर ४५० च्या पिशवीत ३५० घेतात. दुसरा मार्ग चुकीचा आहे: कमी रक्ताला गोठणरोधक जास्त झालं की लाल पेशींना ते सोसत नाही आणि ते युनिट निकषात बसत नाही. म्हणून मागणी लिहिण्यापूर्वी मागच्या बारा महिन्यांची दाता नोंदवही उघडा आणि वजनाच्या रकान्यावरून ५५ च्या खालचे किती ते मोजा. दिवसभराचं काम आहे. शंभरात चाळीस निघाले तर चाळीस टक्के पिशव्या ३५० च्या घ्या.

एकेरी, दुहेरी, तिहेरी की चौपदरी, हे अंतर ठरवतं. प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळ्या करायच्या तर रक्त साधारण सहा तासांच्या आत घटक विभागात पोचायला हवं. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशेहून अधिक किलोमीटर. तिथल्या शिबिरात सकाळी नऊला घेतलेली पिशवी शिबिर आवरून, खोके भरून, संध्याकाळी पोचते. तिथे तिहेरी पिशवी नेणं म्हणजे उरलेल्या दोन रिकाम्या पिशव्यांचे पैसे वाया घालवणं. लांबच्या शिबिरांना एकेरी, जवळच्यांना तिहेरी. गावांची यादी करून प्रत्येकासमोर पिशवीचा प्रकार लिहून टाका.

पुन्हा मागणी कधी करायची याचं साधं सूत्र: महिन्याचा वापर गुणिले (पुरवठ्याला लागणारे महिने अधिक राखीव महिने). पुरवठ्याला लागणारे महिने कंत्राटातून घेऊ नका. मागच्या तीन आदेशांची तारीख आणि माल आल्याची तारीख यांतून काढा. दोन महिने लागत असतील आणि दीड महिन्याची राखीव हवी असेल तर ४०० गुणिले साडेतीन, १४०० पिशव्या. साठा १४०० वर आला त्या दिवशी मागणी गेली पाहिजे. भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी आलं की रस्ता बंद होतो, म्हणून तिकडच्या साठवण केंद्राला (मुख्य केंद्राकडून रक्त आणून ठेवणाऱ्या केंद्राला) लागणारं सामान जूनच्या पहिल्या आठवड्यातच पोचवावं लागतं.

दर महिन्याला ४०० हा आकडाही खरा नसतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात, धानाच्या रोवणीत आणि कापूस वेचणीत गावात दाते सापडत नाहीत. पावसाळ्यानंतर गडचिरोलीत मलेरिया झालेले बरेच दाते तीन महिन्यांसाठी बाद होतात. आणि १४ एप्रिल, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, गाडगेबाबांची पुण्यतिथी या दिवसांत एकेका तालुक्यात तीन-तीन शिबिरं पडतात. महिन्यानुसार वेगळा आकडा धरा.

सिकलसेलमुळे विदर्भाच्या यादीत आणखी दोन ओळी हव्यात. वारंवार रक्त घेणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाला वाहक (स्वतः आजारी नसलेल्या, पण सिकलसेलचा दोष अंगात असलेल्या) दात्याचं रक्त देऊ नये, त्यासाठी असे दाते ओळखणाऱ्या विद्राव्यता चाचणीचं द्रव्य लागतं. त्याच रुग्णांमध्ये पुढे प्रतिपिंडं तयार होऊन रक्त जुळणं अवघड होतं; ते टाळायला आरएच गटाचे इतर घटक आणि केल हा आणखी एक रक्तगट जुळवणारी सिरम लागतात. ही नावं राज्याच्या सर्वसाधारण यादीवर विसंबून सोडू नका, मागणीपत्रात स्वतः लिहा.

तांत्रिक निकष लिहिताना

कंपनीचं नाव लिहायचं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. नाव न लिहिता एकाच कंपनीला बसेल असा निकष लिहिण्याची पळवाट मात्र सर्रास वापरली जाते: पिशवीच्या नळीची लांबी अमुकच सेंटिमीटर, यंत्राच्या पडद्याचा आकार तमुकच इंच. प्रत्येक निकषासमोर ‘का’ चा एक रकाना ठेवा. ‘सुईला सुरक्षा आवरण: सुई टोचण्याचा अपघात टाळण्यासाठी.’ ‘पहिलं रक्त वेगळं काढणारी छोटी पिशवी: त्वचेवरचे जंतू मुख्य पिशवीत जाऊ नयेत आणि चाचणीचा नमुना त्यातूनच मिळावा यासाठी.’ ज्या निकषासमोर कारण लिहिता येत नाही, तो काढून टाका.

पिशवीसाठी किमान हे हवं: क्षमता आणि गोठणरोधकाचं प्रमाण, १६ गेजची सुई, नळीवर ठराविक अंतरावर छापलेला एकच क्रमांक (क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाशी रक्त जुळवून पाहण्याच्या चाचणीसाठी कापलेला नळीचा तुकडा कोणत्या पिशवीचा हे त्यावरूनच कळतं), आयएसओ ३८२६ शी अनुरूपता, आणि माल पोचेल त्या दिवशी एकूण मुदतीचा किमान पाच-षष्ठांश भाग शिल्लक. किटसाठी: त्या तुकडीचं (बॅचचं) गुणवत्ता प्रमाणपत्र, उघडल्यावर किती दिवस टिकतं ते, शीतसाखळीत तापमान नोंदवणाऱ्या यंत्रासह पोचवण्याची अट.

शीतकपाटाचा निकष आपल्या उन्हाळ्याने ठरवा. रक्त २ ते ६ अंशांत राहिलं पाहिजे; चंद्रपूर-ब्रह्मपुरीला बाहेर ४५ च्या वर पारा असतो. परिसराचं तापमान ४३ अंश असताना, वीज गेल्यावर, पूर्ण भरलेलं कपाट किती तास ६ अंशांच्या आत राहतं, हा आकडा निविदेत मागा आणि बसवल्यानंतर एप्रिलमध्ये पाण्याच्या पिशव्या भरून स्वतः तपासा. रक्ताच्या कपाटाच्या जागी घरगुती फ्रिज चालत नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

‘यंत्र फुकट, किट आमचंच’ हा प्रस्ताव आला तर थांबा. बंद प्रणालीचं यंत्र एकदा बसलं की दुसऱ्या कोणाचं किट त्यात चालत नाही, आणि दर ठरवण्याची ताकद पुरवठादाराकडे जाते. असा प्रस्ताव घ्यायचा तर तुलना किटच्या किमतीवर करू नका. एका निकालामागचा खर्च काढा: कंट्रोल, फेरचाचणी, धुण्याचं द्रव्य, वाया जाणारं द्रव्य आणि देखभाल धरून, तुमच्या रोजच्या १६ नमुन्यांवर. पुरवठादार दाखवतो तो हिशेब बहुधा दिवसाला शंभर नमुन्यांचा असतो.

विकत घेतलेल्या यंत्राला हमीनंतर पाच वर्षांचा सर्वसमावेशक देखभाल करार आणि त्याचा दर मूळ निविदेतच घ्या, आणि कमी दराची निवड दोन्ही मिळून करा. नागपूरहून अभियंता किती तासांत येईल आणि न आल्यास दंड किती, हे आकड्यात हवं. ‘त्वरित सेवा’ या शब्दांवर कुणालाही दंड लावता येत नाही.

निविदेच्या टप्प्यावर समितीने काय पाहायचं

खरेदीच्या रकमेच्या मर्यादा शासन निर्णयांनी बदलत राहतात. लागू असलेल्या निर्णयाची प्रत फाइलच्या पहिल्या पानावर लावा, म्हणजे ई-निविदा लागते की नाही हा वाद होत नाही. मर्यादेच्या जरा खाली बसणारे एकापाठोपाठ एक आदेश दिसले, तेही त्याच वस्तूचे, तर ते खरेदीचे तुकडे पाडणं आहे. वर्षाची एकत्र मागणी आणि टप्प्याटप्प्याने पुरवठा हा त्यावरचा साधा उपाय. एक आदेश, चार हप्ते, प्रत्येक हप्त्याला ताजी मुदत. मार्चअखेर निधी संपवायला एकदम आणलेला माल पुढच्या वर्षी एकदमच कालबाह्य होतो, आणि तेव्हा तो कोणी आणला हे विचारायला जुने अधिकारी तिथे नसतात.

तांत्रिक लिफाफा उघडण्यापूर्वी समितीच्या प्रत्येक सदस्याने हितसंबंध नसल्याचं लिहून द्यावं. नमुना पिशव्या मागवल्या असतील तर त्या वापरून पाहणाऱ्या तंत्रज्ञाचा शेरा त्याच्याच अक्षरात हवा. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सह्या घ्या. आठवड्याने लिहिलेल्या इतिवृत्तात मतभेद नाहीसे झालेले असतात. कोणी असहमत असेल तर ते नावासह नोंदवा.

स्थानिक खरेदी कधीकधी करावीच लागते, रुग्ण थांबू शकत नाही. पण त्या फाइलमध्ये त्या दिवसाचा साठा, ‘उपलब्ध नाही’ चा दाखला आणि किती दिवसांपुरतं घेतलं ते असलंच पाहिजे. वर्षात त्याच वस्तूची तिसरी तातडीची खरेदी दिसली, तर प्रश्न मागणीच्या सूत्राला विचारायचा.

गाडी दारात आल्यावर

माल उतरवून घेणं हे हमालीचं काम समजून शिपायावर सोडलं जातं. ते तंत्रज्ञाचं काम आहे.

किटचा खोका आधी उघडा. तापमान नोंदवणारं यंत्र बाहेर काढा, नोंद वाचा, छापून चलनाला लावा. बर्फाच्या पिशव्या पूर्ण वितळून कोमट झाल्या असतील आणि नोंदयंत्र नसेल, तर ‘अटीवर स्वीकारलं’ असला शेरा मारून सही करू नका. माल परत करा, नाहीतर वेगळ्या कप्प्यात ‘निर्णय प्रलंबित’ अशी चिठ्ठी लावून ठेवा. उष्णतेने बिघडलेलं किट दिसायला अगदी चांगलं दिसतं. त्याचा दोष एवढाच, की ते बाधित रक्ताला ‘निगेटिव्ह’ म्हणू शकतं.

पिशव्यांचं असं: प्रत्येक तुकडीतला एक खोका पूर्ण उघडा. बाहेरचं ॲल्युमिनियमचं पाकीट फुगलेलं, भोक पडलेलं किंवा आत पाणी साचलेलं आहे का ते पाहा. एक पिशवी बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरा. गोठणरोधक पाण्यासारखं स्वच्छ हवं. धागा, कण किंवा गढूळपणा दिसला तर ती तुकडी बाजूला. पिशवी दोन्ही तळव्यांमध्ये दाबा आणि नळी जिथे पिशवीला जोडली आहे तिथे बोट फिरवा, ओलसर लागलं तर गळती आहे. सुईचं टोपण सैल नाही ना ते बघा, फिरवून उघडू मात्र नका. मग तुकडी क्रमांक, निर्मिती आणि मुदत यांची नोंद चलन बघून न करता पिशवी बघून करा. चलनावरचा आणि पिशवीवरचा तुकडी क्रमांक वेगळा निघणं ही अगदीच दुर्मीळ गोष्ट नाही.

नवी तुकडी वापरात आणण्यापूर्वी आधी माहीत असलेले पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुने त्यावर लावून पाहा आणि तो निकाल तुकडीच्या पानावर चिकटवा. त्यानंतरच बिल पुढे जाईल, असा लेखी दंडक ठेवा. पुरवठादार बिलासाठी रोज फोन करतो. नमुन्यांचा निकाल लागेपर्यंत त्याला थांबावं लागेल, हे आदेशातच लिहिलेलं बरं.

भांडार

आधी मुदत संपणारं आधी बाहेर. नुसतं ‘आधी आलेलं आधी’ पुरत नाही, कारण उशिरा आलेल्या खोक्याची मुदत कधीकधी जवळची असते. पिशव्यांच्या पाकिटावर साठवणीचं तापमान छापलेलं असतं. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत मे महिन्यात ते पाळणं शक्यच नाही, म्हणून पिशव्या उन्हाळ्यापुरत्या तरी वातानुकूलित खोलीत हलवा. उघडलेल्या पाकिटावर उघडल्याची तारीख मार्करने लिहा.

‘जुना साठा आधी संपवू, मग नवं वापरू’ हे वाक्य काटकसरीचं वाटतं, पण मालावर शंका आल्यानंतर ते उच्चारूच नये. कॅनडात न्यायमूर्ती क्रेव्हर यांच्या आयोगाने १९९७ च्या अहवालात जे मांडलं त्यातला एक भाग हाच होता: उष्णताप्रक्रिया केलेली, सुरक्षित रक्तघटक औषधं मिळू लागल्यावरही १९८५ मध्ये हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी जुना साठा वाटला जात राहिला. त्यानंतर त्या देशात रक्तसेवा रेडक्रॉसकडून काढून घेऊन १९९८ मध्ये नव्या संस्थांकडे दिली गेली. शंका आली की साठा थांबवण्याचा अधिकार रक्तसंक्रमण अधिकाऱ्याला एकट्याला, कोणाची परवानगी न घेता, लेखी दिलेला असावा. नुकसानीचा हिशेब नंतर.

महिनाअखेरचा ताळा

समिती सदस्याला एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. चार नोंदवह्या टेबलावर एकत्र उघडा: पिशव्यांची साठा नोंदवही, दाता नोंदवही, चाचणी नोंदवही आणि वितरण नोंदवही. चार वेगळ्या माणसांनी लिहिलेले आकडे एकमेकांना साक्ष देतात.

उदाहरणाचा महिना घ्या. पिशव्या सुरुवातीला ३१०, आल्या ३००, शिल्लक १८५. म्हणजे वापरल्या ४२५. दाता नोंदवहीत दाते ४१२. फरक १३. नस न सापडल्याने वाया गेलेल्या ५ आणि गळक्या २, या सात पिशव्यांची नोंद सापडली. सहा पिशव्यांचा पत्ता नाही. कदाचित नोंद राहिली असेल. कदाचित नोंदवहीबाहेर रक्त घेतलं गेलं असेल. वाया गेलेली प्रत्येक पिशवी नष्ट करण्याआधी तिचा क्रमांक लिहिला जात असेल, तर हा प्रश्न पडतच नाही.

आता किट. महिन्याच्या सुरुवातीला हिपॅटायटिस बीची न उघडलेली ३, आली ६, न उघडलेली शिल्लक २. उघडली ७, म्हणजे ८४ पट्ट्या. चाचणी २६ वेळा लावली, ७८ पट्ट्या. उघड्या किटमध्ये ६ पट्ट्या उरलेल्या दिसल्या. जुळलं. समजा याच महिन्यात चारच किटं उघडली गेली असती, तर ४८ पट्ट्या, ३८४ वेल. कंट्रोल सोडून दिले तरी त्यात ४१२ नमुने बसतच नाहीत. नोंदवहीत मात्र ४१२ निकाल लिहिलेले. हा सगळ्यात गंभीर फरक आहे: काही पिशव्या चाचणीविना गेल्या, किंवा निकाल नुसते लिहिले गेले. असं आढळलं तर बैठकीची वाट पाहू नका. त्याच दिवशी जिल्हा शल्य चिकित्सकांना लेखी कळवा, शिल्लक पिशव्या थांबवा आणि फेरचाचणी सुरू करा. कायद्याने पाच चाचण्या बंधनकारक आहेत: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. हा ताळा पाचही चाचण्यांना लावा.

शेवटी रक्त. सुरुवातीचा साठा ९६, गोळा ४१२, एकूण ५०८. नष्ट केलेली २२: बाधित आढळलेली ७, मुदत संपलेली ११, इतर ४. रुग्णांना ३४८, साठवण केंद्रांना ४०. शिल्लक ९८ असायला हवी. मग कपाट उघडून पिशव्या मोजा. नोंदवहीतला ९८ वाचून समाधान मानू नका. नष्ट केलेल्या २२ पिशव्यांची जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीची पावती त्याच महिन्याची हवी. बाधित सात पिशव्या वेगळ्या कुलूपबंद कप्प्यात होत्या का, हेही विचारा.

पैशांचा ताळा याच बैठकीत होतो. रक्ताची किंमत नसते, प्रक्रिया शुल्क असतं. राष्ट्रीय परिषदेच्या २०२२ च्या सुधारित दरांप्रमाणे संपूर्ण रक्त किंवा लाल पेशींच्या युनिटला शासकीय केंद्रात जास्तीत जास्त ₹१,१००, खासगीत ₹१,५५०. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलच्या रुग्णांना रक्त मोफत. वितरण नोंदवहीतल्या ३४८ मधून मोफत दिलेली वजा करा आणि उरलेल्यांच्या पावत्या मोजा. मोफत म्हणून दाखवलेल्यांपैकी पाच नावं निवडून वॉर्डात, किंवा घरी आशाताईंमार्फत, ‘पैसे लागले का’ एवढंच विचारा.

शिबिर आणि साठवण केंद्र

मोठ्या जयंतीला तीनशे युनिट गोळा करण्याची हौस समजण्यासारखी आहे, पण सीपीडीए-१ च्या पिशवीचं रक्त ३५ दिवस टिकतं, एसएजीएम या पोषक द्रावणातल्या लाल पेशी ४२ दिवस. तुमच्या जिल्ह्यात महिन्याला लागतंच ४०० च्या आसपास, तर एका दिवसात तीनशे घेतल्यावर पुढच्या महिन्यात नष्ट करण्याची यादी लांबते. आणि त्या तीनशे दात्यांपैकी पुरुषांना ९० दिवस, बायकांना १२० दिवस पुन्हा रक्त देता येत नाही. मंडळांनी वर्षाच्या सुरुवातीला रक्तकेंद्रात बसून तारखा वाटून घ्याव्यात. शिबिरात भेटवस्तू देऊ नयेत; घड्याळासाठी आलेला माणूस कावीळ झाल्याचं लपवतो.

बाहेरच्या शहरातलं केंद्र गावात शिबिर घ्यायला आलं तर परवाना आणि राज्य परिषदेची मान्यता पाहा. त्याशिवाय गोळा झालेल्या युनिटपैकी किती आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णांसाठी राहतील हे कागदावर घ्या. तोंडी आश्वासन बाळंतिणीच्या नातेवाइकांना रात्री दोन वाजता कामी येत नाही.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातलं रक्त साठवण केंद्र वर्षाला २,००० युनिटांपर्यंत चालवता येतं; ते रक्त गोळा करत नाही, मुख्य केंद्राकडून आणतं. तिथली देखरेख दोन गोष्टींवर ठेवा: कपाटाचा तापमान आलेख आणि परत आलेल्या पिशव्या. दर आठवड्याला न वापरलेली युनिटं मुख्य केंद्राकडे फिरवली तर ती मुदतीआधी वापरात येतात. फिरवण्यासाठी गाडी आणि शीतपेटीची तरतूद वार्षिक मागणीत लिहा. ती कोणाच्याच यादीत नसते.

माहिती मागायची असेल तर

ई-रक्तकोष या संकेतस्थळावर केंद्रनिहाय उपलब्ध साठा दिसतो. तो आकडा आणि कपाटातला आकडा यांतला फरक हीसुद्धा एक नोंद आहे. नागरिकांना माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. मागायचं ते नेमकं मागा: अमुक सहा महिन्यांतले महिनानिहाय गोळा, नष्ट आणि वितरित युनिट, मुदत संपलेल्या पिशव्या व किटांची यादी, तातडीच्या स्थानिक खरेदीचे आदेश, तपासणीतल्या त्रुटी आणि त्यांच्या पूर्ततेची पत्रं. दात्यांची नावं आणि कोणाचा चाचणी निकाल मात्र मागू नका, ती माहिती गोपनीय आहे आणि तशीच राहिली पाहिजे.

तिमाहीला एक तालीम

तीन महिन्यांतून एकदा, आधी न कळवता, वितरण नोंदवहीतला कोणताही एक पिशवी क्रमांक निवडा. घड्याळ लावा. त्या क्रमांकावरून मागे जात दाता, शिबिर, पिशवीची तुकडी, पाचही चाचण्यांची तारीख आणि प्रत्येक किटचा तुकडी क्रमांक, गट तपासणाऱ्या सिरमची तुकडी, आणि पुढे जात क्रॉसमॅच, वॉर्ड आणि रुग्ण, इतकं सगळं कागदावर आणायला सांगा. तासाभरात व्हायला हवं. दुसऱ्या फेरीत उलट विचारा: या तुकडीचं किट सदोष निघालं असं समजा, ते कोणकोणत्या पिशव्यांना लागलं आणि त्यातल्या किती अजून कपाटात आहेत?

बहुतेक ठिकाणी ही तालीम एकाच जागी अडते. चाचणी नोंदवहीत किटचा तुकडी क्रमांक महिन्याच्या पहिल्या पानावर एकदाच लिहिलेला असतो आणि किट मधेच बदललं तरी तो तसाच राहतो. नोंदवहीच्या प्रत्येक दिवसाच्या पानावर डावीकडे पाच छोटे चौकोन आखा, एकेका चाचणीचा एक, आणि त्या दिवशीचा तुकडी क्रमांक किटच्या खोक्यावर बघून त्यात लिहायला लावा.